सहावी ते आठवीचं वेळापत्रक गळ्यात पडलंय, सुरुवात कुठून करू?

खडूवाली_नवी

नमस्कार मंडळी, अनुदानित शाळा, पुण्यातल्या पेठेतली, नाव सांगत नाही. इतकी वर्षं जे सर वेळापत्रक बसवायचे ते मे मध्ये रिटायर झाले आणि हेडबाईंनी शेवटच्या मीटिंगमध्ये सगळ्यांकडे बघत बघत माझ्यावर येऊन नजर थांबवली, झालं. "तुम्हाला एक्सेल येतं ना" म्हणे. एक्सेल येतं, पण एक्सेलला आमच्या बाई-सरांच्या अडचणी कुठे माहितीयेत!

तर परिस्थिती अशी. सहावी, सातवी, आठवी, प्रत्येकी दोन तुकड्या म्हणजे सहा वर्ग. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायची नाही असं २०२४ ला ठरल्यापासून आमच्या इमारतीत अदलाबदल झाली, प्राथमिक दुपारी गेली आणि आम्ही सकाळी. ७:१० ला परिपाठ, १२:४५ ला सुटतो. सोम ते शुक्र ३५ मिनिटांच्या ८ तासिका, शनिवारी ५, एकूण ४५. छोटी सुट्टी दुसऱ्या तासानंतर, मोठी पाचव्यानंतर साडेदहाला, तेव्हाच पोषण आहार.

आमच्याकडची विभागणी एका वर्गाला मराठी ६, इंग्रजी ७, हिंदी ४, गणित ७, विज्ञान ६, इतिहास-नागरिकशास्त्र ४, भूगोल ३, कला ३, कार्यानुभव २, शारीरिक शिक्षण ३. माणसं: गणिताला एक सर (पाच वर्ग, ३५ तास), आठवी ब चं गणित हेडबाई स्वतः घेतात, विज्ञानाला एक बाई (३६), भाषेला तिघं मिळून १०२, इतिहास आणि आठवीचा भूगोल एका सरांकडे ३०, पीटीचे सर कार्यानुभव धरून ३०. सहावी-सातवीचा भूगोल तासिका तत्त्वावर एक बाई घेतात, त्या आधी दुसऱ्या शाळेत जातात म्हणून पाचव्या तासाच्या आधी येत नाहीत. चित्रकलेचे सर फक्त सोम-बुध-शुक्र. मैदान म्हणजे मागचं अंगण, एका वेळी एकच वर्ग मावतो.

आणि आता फर्माईशी ऐका. गणिताचे सर म्हणतात माझे सगळे तास पहिल्या तीनात, पीटीचे सर म्हणतात ऊन व्हायच्या आत पहिले तीन तास मैदान, इंग्रजीच्या मॅडम सासवडहून येतात त्यांना पहिला तास नको, विज्ञानाला जोडतास (सलग दोन तास) हवा, कलेलाही जोडतास हवा. दोन रविवार घालवले, सातवी ब पर्यंत छान बसतं आणि आठवीला गेलं की गणिताचे सर एकाच वेळी दोन वर्गात! काहीतरी मार्ग सांगा, शाळा सुरू व्हायला आठच दिवस राहिलेत.

माजी_पर्यवेक्षक

बाई, अठरा वर्षं हे काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लागली तर सहन करा.

तुमची चूक पहिल्याच पायरीला आहे. तुम्ही सहावी अ घेतली, पूर्ण भरली, मग सहावी ब, असं करत खाली आलात ना? सगळे नवे लोक असंच करतात. मग आठवीच्या वाटणीला उरलंसुरलं येतं आणि तिथे माणसं एकमेकांवर आदळतात. वर्गाप्रमाणे भरायचंच नाही. ज्या माणसाला हलायला सगळ्यात कमी जागा आहे त्याला आधी बसवायचं, सहाही वर्गांत एकदम, आणि मगच पुढच्याकडे जायचं.

तुमच्याकडे तो माणूस म्हणजे चित्रकलेचे सर. सहा वर्ग गुणिले तीन, अठरा तास, तीन दिवसांत. म्हणजे रोज सहा, आणि त्या तीन दिवशी प्रत्येक वर्गाला जोडतास धरून सरासरी एक. प्रत्येक वर्गाला एक जोड आणि एक सुटा असं केलंत तर रोज दोन जोड आणि दोन सुटे, बरोबर सहा होतात. हे सगळ्यात आधी पेनने लिहून टाका, बाकी पेन्सिलीने.

जोडतासाची एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जोड सुट्टीवर टाकायचा नाही. तुमच्या वेळेत दुसरा-तिसरा आणि पाचवा-सहावा या जोड्या बादच, मध्ये सुट्टी येते, मुलं रंगाच्या वाट्या घेऊन बाहेर पळतात. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, चौथा-पाचवा, सहावा-सातवा, सातवा-आठवा एवढ्याच जागा खऱ्या.

दुसरं मैदान. पीटीचे सर चुकीचं मागत नाहीयेत हो. सहा दिवस, पहिले तीन तास, अठरा. आणि तुम्हाला हवेत सहा वर्गांना तीन-तीन, अठरा! तंतोतंत. तीन वर्ग सोम-बुध-शुक्र, तीन वर्ग मंगळ-गुरु-शनि, आणि त्या तिघांचा क्रम दिवसागणिक फिरवायचा म्हणजे एकाच वर्गाचा कायम पहिला तास जात नाही. एका वेळी एकच वर्ग अंगणात असतो, बाकीचे पाच वर्ग गणिताला मोकळेच असतात, त्यामुळे गणित आणि पीटी यांचं भांडण जेवढं वाटतं तेवढं नाहीये.

तिसरं, भूगोलाच्या बाई. पाचवा ते आठवा, पाच दिवस, म्हणजे वीस जागा आणि तास बारा. बसतात, पण त्यांना रोज एकेका तासासाठी बोलावू नका, तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाचं येण्याजाण्यातच निम्मं जातं. चार दिवस तीन-तीन करून एक दिवस मोकळा द्या, बाई दुवा देतील.

मग हेडबाई. त्यांचे सात तास मोठ्या सुट्टीच्या आधी टाका. अकरा वाजले की बीटाची (शिक्षण खात्याच्या आपल्या विभागातल्या शाळांची) मीटिंग, पालक, फोन, आणि आठवी ब चं गणित कायमचं वाऱ्यावर.

मग विज्ञान आणि गणित. ४५ पैकी ३६ आणि ३५ म्हणजे यांचे ऑफ, मोकळे तास, नऊ-दहाच. रोज एक ऑफ मिळालाच पाहिजे आणि तो मधे, तिसरा ते सहावा या पट्ट्यात. सलग सहा तास बोललेल्या माणसाला आठव्या तासाला फळा दिसत नाही. भाषा सगळ्यात शेवटी, कारण माणसं तीन आहेत, वळवता येतं.

आणखी एक. मोठ्या सुट्टीनंतरचा सहावा तास हा कागदावर ३५ मिनिटं असतो. ताटं धुणं, हात धुणं, पाण्याच्या टाकीवरची रांग, पाच-सात मिनिटं गेलीच. तो तास एकाच विषयाच्या माथी आठवडाभर मारू नका. आमच्याकडे एका वर्षी सातवीचा इतिहास आठवड्यातून तीनदा सहाव्याला होता, ते सर फेब्रुवारीपर्यंत धडे ओढत बसले होते.

आम्ही हे सगळं अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कार्डशीटवर करायचो, प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, चिठ्ठ्या कापायच्या आणि टाचण्या. घरात पंखा लावायची बंदी असायची दोन दिवस. आठवीला हिंदी-संस्कृत पर्याय असेल तर दोन्ही तुकड्यांना तो तास एकाच वेळी यायला लागतो, ते कलेच्याही आधी बसवायचं. तुमच्या यादीत दिसत नाही, सुटलात.

फळ्यावरचा_एक्स

मी गणितवालाच, पण आमच्याच बिरादरीच्या विरोधात बोलतो. पहिल्या तीनात सगळे तास हे होऊच शकत नाही, मॅडम तुमच्या सरांना हिशोब दाखवा. आठवड्यात त्यांच्या वाट्याला पहिले, दुसरे, तिसरे मिळून तास येतात अठरा. शिकवायचेत ३५. संपला विषय! जवळजवळ निम्मे नंतर येणारच. पाच वर्गांत अठरा वाटले तर एका वर्गाला तीन किंवा चार, तेवढे मात्र द्या.

आणि खरं सांगू का, सकाळी ताजं डोकं वगैरे ठीके पण ७:२५ ला सहावीची निम्मी पोरं जांभया देत असतात, काही उपाशी आलेली असतात. माझा अनुभव तिसरा-चौथा तास सगळ्यात भारी जातो, छोट्या सुट्टीत पोटात काहीतरी पडलेलं असतं.

सातचा घोळ लक्षात ठेवा, दिवस सहा आणि तास सात, म्हणजे एका दिवशी दोन गणित. ते दोन शेजारी शेजारी नकोत (भूमिती काढायची असेल तर चालतं), आणि दोनवाला दिवस शनिवारी तर अजिबातच नको. आनंददायी शनिवार म्हणून दप्तराविना काहीतरी निघालं की दोन्ही तास गेले.

एक कायद्याचंही बघून ठेवा कारण तपासणीला कुणीतरी विचारतंच. २००९ च्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापनाचे तास आहेत. तुमचे ४५ गुणिले ३५ म्हणजे आठवड्याला सव्वासव्वीस तास. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे साधारण ३६.६७ आठवडे, गुणाकार केला तर ९६२ च्या आसपास, कमी पडतात. २३० दिवस भरले तर १००६. तेव्हा सुट्ट्यांची यादी हातात घेऊन मोजा, नाहीतर पहिल्या तीन तासिका सोम ते शुक्र ४० मिनिटांच्या करा, त्याने २२० दिवसांतही हजाराच्या वर जाता.

खडूवाली_नवी

बापरे, हा हिशोब कुणी केलाच नव्हता. कॅलेंडर घेऊन बसले आत्ता, आमचे २३१ भरतायत. पण त्यात पालखीचा दिवस धरलेला दिसतोय. दोन्ही पालख्या नाना-भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा आमच्या भागात शाळा भरवणं अवघडच, वर्गांत वारकरी उतरलेले असतात. गणपतीत मात्र सकाळची शाळा झाल्याचा फायदाच आहे, पूर्वी दुपारी रस्ते बंद झाले की निम्मा वर्ग यायचाच नाही.

सासवडच्या मॅडमचं काय करू पण? दिवेघाटात एखादा ट्रक बंद पडला की त्या साडेसातला. चांगल्या शिकवतात हो, मुद्दाम करत नाहीत.

माजी_पर्यवेक्षक

पहिला तास कधीच नको ही सवलत एकाला दिलीत की आठवड्याभरात चार अर्ज येतील, कुणाचं मूल लहान, कुणाला नवले पुलावर रोज अडकायला होतं. मी एक नियम केला होता, प्रत्येकाला आठवड्यातले दोन दिवस पहिला तास ऑफ, कोणते दोन ते त्यांनी सांगायचं, चिठ्ठीवर सही करून द्यायचं. मस्टरवर सही सगळ्यांची वेळेतच. गणित-विज्ञानवाल्यांना रोजचा मधला ऑफ महत्त्वाचा, त्यामुळे त्यांना दोनाऐवजी एकच. मॅडमना वर्गशिक्षक मात्र करू नका, हजेरी पहिल्या तासाला असते.

दप्तरवाली_आई

मी शिक्षिका नाही, सातवीतल्या मुलाची आई, पण बोलू का? तुम्ही लोक वेळापत्रक शिक्षकांच्या बाजूने लावता, ते आम्हाला घरी दप्तराच्या वजनावरून कळतं. आमच्याकडे मागच्या वर्षी मंगळवारी आठच्या आठ तास पुस्तकाचे, दप्तर काट्यावर ठेवलं तर सव्वासहा किलो, पोरगं चाळीस किलोचं. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच दप्तर असावं असं म्हटलंय. आणि शुक्रवारी म्हणे कला, पीटी, कार्यानुभव सगळं एकाच दिवशी, दप्तर रिकामं. हे दोन दिवसांत वाटून टाकता आलं नसतं का?

वर माजी सरांनी लिहिलंय त्यात मला हाच घोळ दिसतोय. चित्रकलेचे सर सोम-बुध-शुक्र, आणि ज्या तीन वर्गांना मैदानही सोम-बुध-शुक्रच दिलंत त्यांचे मंगळ-गुरु कोरडे ठक्क पडणार ना? सगळे आठ तास पुस्तकं.

शीटमास्तर

ताईंनी बरोबर पकडलंय. त्याचा उपाय कार्यानुभवात आहे. पीटीचे सरच कार्यानुभव घेतात ना, आणि चौथ्या तासापासून ते मोकळेच आहेत. ज्या तीन वर्गांचं मैदान सोम-बुध-शुक्र आहे त्यांचे कार्यानुभवाचे दोन्ही तास मंगळ आणि गुरुला टाका, रोज तीन. उरलेल्या तीन वर्गांचे सोम-बुध-शुक्रला रोज दोन. सरांचा हिशोब: सोम-बुध-शुक्र पाच-पाच, मंगळ-गुरु सहा-सहा, शनिवारी तीन, तीस बरोबर. कुठल्याच वर्गाचा सोम ते शुक्र एकही दिवस कोरडा राहत नाही.

आता एक्सेल. एका शीटवर उभे ४५ तास, आडवे सहा वर्ग, आणि खान्यात विषय लिहू नका, माणसाचा कोड लिहा. "गणि" लिहिलंत तर सर आणि हेडबाई दोन्ही एकच दिसतात. "गस" आणि "हेब" असं लिहा. मग एका आडव्या ओळीत तोच कोड दोनदा आला की खाना लाल झाला पाहिजे, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये काउंटइफ टाकायचं, एकापेक्षा जास्त आलं की लाल. बाजूला प्रत्येक कोडची एकूण मोजणी, ३५ च्या ठिकाणी ३४ दिसलं की कुठेतरी गळलंय. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तुमचे दोन रविवार यातच गेलेत.

आणि प्रत्येक तासाला कोण मोकळं आहे ती एक रांग वेगळी ठेवा. तुमची पूर्णवेळ माणसं सात, आठवड्याला जागा ३१५, तास २३३, म्हणजे ८२ ऑफ, दर तासाला सरासरी दोनाच्या आत. कुठल्यातरी तासाला शून्य झालं आणि त्या दिवशी एखादे सर रजेवर गेले की बदली तासाला पाठवायला माणूसच नाही, शिपाईमामा वर्गावर. शून्य एकदाही नको.

एफईटी नावाचं वेळापत्रक बसवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, तेही वापरून बघा. पण त्यात सगळ्या फर्माईशी शंभर टक्के सक्तीच्या म्हणून टाकल्यात तर ते सरळ हात वर करतं. सक्तीचं फक्त कला सर, भूगोलाच्या बाई, मैदान. बाकीच्यांचं वजन कमी करा. आणि निघालेलं तसंच्या तसं नोटीस बोर्डावर लावू नका, ते कधीकधी एका वर्गाला सलग इतिहास-भूगोल-इतिहास देऊन मोकळं होतं.

फळ्यावरचा_एक्स

शिपाईमामा वर्गावर 😂 आमच्याकडे झालंय हे, पोरं म्हणाली रोज हेच येऊ देत.

खडूवाली_नवी

मंडळी, तिसऱ्या रविवारी बसलं!! आधी कला पेनने, मग मैदान, मग भूगोलाच्या बाई (त्यांना गुरुवार मोकळा दिला, फोनवर दोनदा थँक्यू म्हणाल्या), मग हेडबाई, मग बाकीचे. आठवी यावेळी आदळलीच नाही. एक्सेलमध्ये लाल खाने सुरुवातीला चौदा होते, संध्याकाळपर्यंत दोन, आणि ते दोन घालवायला रात्रीचे साडेअकरा वाजले, कारण विज्ञानाचा सातवी अ चा जोडतास काही केल्या सुट्टीवरच येत होता. शेवटी सातवी अ आणि सहावी ब ची मैदानाची रांग बदलली तेव्हा सुटलं.

गणिताच्या सरांना अठराचा हिशोब दाखवला. आधी म्हणाले तुम्ही मला माझंच गणित शिकवता का, मग कागद घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले तिसरा-चौथा दिलात तरी चालेल. पहिल्या तासाची चिठ्ठीही फिरवली. सगळ्यांनी सोमवार आणि शनिवारच लिहिलाय!! सातपैकी पाच जणांनी. शनिवारी पहिल्या तासाला माझ्याकडे उरले पीटीचे सर आणि मी.

कोरड्या दिवसाचं केलं, ताई, तुमच्यासाठी खास. फक्त आठवी ब चा गुरुवार अजून जड आहे, पीटी सोडली तर बाकी सातही तास पुस्तकांचे. तिथे भाषेचा एक तास वाचनालयात नेऊ असं मराठीच्या बाई म्हणतायत, पुस्तक आणायचं नाही म्हणून.

आता राहिलेला प्रश्न एकच, त्या शनिवारच्या चिठ्ठ्यांचं काय करू? माजी सर आहात का?

माजी_पर्यवेक्षक

आहे आहे. शनिवार चक्राकार करा, महिन्यातून एकेकाला एकच. आणि पहिला शनिवार तुमच्याच नावाने लिहा, सुट्टीचा नाही, कामाचा. मग कुणी बोलत नाही.

खडूवाली_नवी

लिहिला. डबा आदल्या रात्रीच करून ठेवते आता.